गोल्टी, शॅलट आणि कोळकांदा : लहान कांद्याची वंशावळ



यंदा मार्चपासून तालुक्याच्या बाजारात एक माल नव्याने दिसतोय. सुपारीपेक्षा जरा मोठा लाल कांदा, जाळीच्या छोट्या पिशवीत भरलेला, आणि भाव शेजारच्या ढिगातल्या कांद्याच्या चौपट. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ह्यो साधो कांदो नाय, शॅलट आसा. औषधी." मग साखर, दमा, केस गळणं, मूळव्याध, सगळं त्याच पिशवीत. लोक घेतातही. मी एक कांदा हातात घेऊन पाहिला. लासलगाव-पिंपळगावच्या मार्केटात ज्याला गोल्टी म्हणतात तोच तो. म्हणजे मोठ्या कांद्याच्या ढिगातून प्रतवारी करताना बाजूला पडलेला बारका माल. खायला काही वाईट नाही, वाटपाला तर झकास. पण तो शॅलट नव्हे. बारा-तेरा वर्षांचा पोरगा जसा बुटका माणूस नसतो, तसं आहे हे.

आमच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं यात नुकसानही झालं. त्याने हीच गोल्टी "शॅलटचं बियाणं" म्हणून विकत घेऊन तीन गुंठ्यात कंद लावले. गुंठ्याला दहा-पंधरा किलो कंद लागतो, म्हणजे चाळीसेक किलो माल मातीत गेला. हाती आले काही जोडकांदे, काही डेंगळे आणि बाकी पात. म्हणून म्हटलं, या लहान कांद्याचा इतिहास एकदा सविस्तर लिहावा. वाचून, विद्यापीठातल्या लोकांना विचारून आणि वाळूत लावून जे कळलं ते इथे मांडतो. लांबलंय, पण सवडीने वाचा.

आधी नावाचा घोळ. शॅलट हा शब्द आला अस्कलान या गावावरून. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरचं जुनं बंदर, आज ते इस्राएलमध्ये आहे. सगळा वालुकामय किनारा, म्हणजे जमीन आपल्या देवबागच्याच जातीची. तिथला कांदा ग्रीक आणि रोमन लोकांत प्रसिद्ध होता आणि "अस्कलानचा कांदा" म्हणूनच विकला जायचा. त्या नावाचं फ्रेंचांच्या तोंडी एशालोत झालं आणि इंग्रजांच्या तोंडी शॅलट.

पण गंमत पुढे आहे. इसवी सनाच्या आधी सुमारे तीनशे वर्षं थिओफ्रास्टस नावाचा ग्रीक पंडित होऊन गेला. वनस्पतिशास्त्राचा आद्यपुरुष म्हणतात त्याला. त्याने कांद्याचे प्रकार लिहिताना अस्कलानच्या कांद्याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय की हा एकटाच कांदा असा आहे जो मुळाशी फुटून वाढत नाही, म्हणून लोक तो कंदाने लावत नाहीत, बियाने करतात. म्हणजे नेमकं उलटं! आज आपण शॅलट म्हणतो ते मुळाशी फुटून एकाचे अनेक होणाऱ्या कांद्याला, आणि ज्या कांद्यावरून हे नाव आलं तो फुटतच नव्हता. नाव एकाचं आणि लागलं दुसऱ्याला. बाजारातला घोळ काल-परवाचा नाही, दोन हजार वर्षांचा आहे.

दुसरा घोळ खुद्द लिनिअसच्या नावावर. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणारा हा स्वीडनचा माणूस. त्याच्याकडे अठराव्या शतकाच्या मध्यात पॅलेस्टाईनकडून वाळवलेला एक नमुना आला. त्याला त्याने अ‍ॅलियम अस्कलोनिकम असं नाव दिलं. पुढे दोनशे वर्षं जगभरच्या पुस्तकांत शॅलटला हेच नाव छापलं गेलं, आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतही तेच सापडेल. नंतर तो नमुना पुन्हा नीट तपासला तेव्हा कळलं की तो लागवडीचा कांदाच नव्हता, तिथल्या रानातली वेगळीच जात होती. म्हणून आता ते नाव शॅलटला लावत नाहीत. आजचं शास्त्र म्हणतं, शॅलट ही निराळी जात नाहीच. तो आपला कांदाच, अ‍ॅलियम सेपा, फक्त त्यातला अ‍ॅग्रिगेटम म्हणजे झुबक्याने वाढणारा गट. दोघांचीही गुणसूत्रं १६, दोघांचा संकर होतो आणि त्या संकराला बीही धरतं. एक अपवाद सांगतो. फ्रान्समध्ये करड्या सालीचं एक शॅलट आहे, ते मात्र खरंच वेगळ्या जातीचं, मध्य आशियातल्या रानकुळीचं निघालं. आपल्याकडे त्याचा संबंध नाही.

मग फरक काय? फरक आकाराचा नाही, फुटण्याचा आहे.

कांदा म्हणजे मूळ नव्हे, फळ तर नव्हेच. बुडाशी जी कडक चकती असते, जिला आपण कापताना फेकून देतो, ते त्याचं खोड. त्या चकतीतून खाली तंतुमुळं आणि वर पाती. पातीची बुडं अन्न साठवून जाड होतात, एकावर एक बसतात, तो झाला कांदा. म्हणजे आपण खातो ती पानांची बुडं. चकतीच्या मध्यभागी एक कोंब असतो, तिथून नवी पात सुटत राहते. साध्या कांद्यात हा कोंब बहुतेक एकच राहतो. मध्येच कधी दोन झाले तर जोडकांदा होतो, आणि व्यापारी त्याला नाक मुरडतो. शॅलटमध्ये मात्र बाजूचे कोंब लवकर आणि सवयीने जागे होतात. प्रत्येक कोंब आपली आपली पात काढतो, आपला आपला कांदा भरतो, आणि दोन-अडीच महिन्यांत एका कंदाच्या जागी चार, सहा, आठ कांद्यांचा झुबका उभा राहतो. साध्या कांद्यातला जो दोष, तोच याचा धर्म.

ओळखायचं कसं? कांदा आडवा कापा. सगळी वलयं एकाच मध्याभोवती असतील तर तो एककोंबी. दोन-तीन मध्य दिसले, प्रत्येकाची वलयं वेगळी, बाहेरून मात्र सामाईक साल, तर बहुकोंबी. पण एवढ्यावर शिक्का मारू नका, कारण झुबक्यातून सुटलेला लहान शॅलट एककोंबीही दिसू शकतो आणि साधा जोडकांदा दोनकोंबी. बुडाकडे पाहा. शॅलटचा कांदा बहुधा एका बाजूने चपटा असतो, भावंडाला टेकून वाढलेला, आणि चकतीवर भावंड तुटल्याची खूण राहते. गोल्टी चहूबाजूंनी गोल. शेवटची परीक्षा जमिनीतच. पाचपन्नास कंद लावा. महिन्याभरात प्रत्येक जागी पातीचे वेगवेगळे पुंजके दिसले तर माल खरा. चाळीस किलो लावण्याआधी चाळीस कंद लावून पाहणं स्वस्त पडतं.

आता प्रश्न असा की माणसाने कांद्याचा हा फुटणारा प्रकार जपला तरी का? बी सोपं, हलकं. साध्या कांद्याला हेक्टरी ८ ते १० किलो बी पुरतं, या लहान कांद्याला हेक्टरी हजार ते दीड हजार किलो कंद लागतात. दरवर्षी पिकातला एवढा हिस्सा बाजूला ठेवायचा म्हणजे चेष्टा नाही.

उत्तर थंडीत आहे. कांदा हे दोन हंगामांचं झाड. पहिल्या हंगामात कंद भरतं, मग थंडी खातं, मग डेंगळा काढतं, त्याला गोंडा येतो, त्यात काळं बी. थंडी चांगली पडली नाही तर डेंगळे कमी, बी कमी. नाशिक-नगरकडे ही थंडी मिळते. पण विषुववृत्ताच्या जवळ, समुद्रसपाटीला, जिथे रात्रीसुद्धा अंगावर पांघरूण लागत नाही, तिथे कांद्याचं बी धरणं कठीण. शिवाय धरलेलं बी दमट हवेत वर्षभरात मरतं. अशा मुलखात कंदानेच वाढणारा, ७० ते ९० दिवसांत तयार होणारा कांदा लोकांनी हाताशी धरला. म्हणून तमिळनाडूचा चिन्न वेंगायम, केरळचा चुवन्नुळ्ळी, इंडोनेशियाचा बावांग मेरा हे सगळे या झुबक्याच्या गटातले. आपल्याकडे हॉटेलवाले त्यालाच सांबारचा कांदा म्हणतात. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने यात सीओ मालिकेतले अनेक वाण काढले, आणि त्यातला सीओ-ऑन-५ हा तर फुलून बी धरणारा आहे. म्हणजे ज्याची ओळखच कंदाने वाढणारा, त्याला पुन्हा बियाकडे वळवला.

का वळवला तेही सांगण्यासारखं आहे. कंदाने केलेल्या पिकात आई जशी तशी लेक, वाण शुद्ध राहतो. पण आईचा रोगही लेकीला जातो. कांद्यात पिवळ्या खुजेपणाचा विषाणू आहे, तो एकदा कंदात शिरला की पिढ्यान्‌पिढ्या मावा आणि कंद यांच्यातून चालत राहतो, आणि उत्पन्न दर वर्षी थोडं थोडं घसरतं. बियातून हा रोग सहसा उतरत नाही. म्हणून हॉलंडच्या बियाणेवाल्यांनीही बियाने होणारं शॅलट काढलं. त्यावर फ्रान्सचे शेतकरी भडकले. त्यांच्या सरकारने १९९० साली नियमच केला होता की कंदाने लावलेलं असेल त्यालाच शॅलट म्हणायचं. भांडण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि २००६ साली निकाल फ्रान्सच्या विरुद्ध लागला. विक्री अडवू नका, पिशवीवर नीट छापा की हे बियाचं आहे, असा त्याचा मथितार्थ. मला हा निकाल आवडला. आपल्या बाजारातही तेवढंच हवंय. गोल्टी विका, खुशाल विका, पण पिशवीवर गोल्टी लिहा.

बरं, मग आपल्या किनाऱ्यावर कोणता कांदा होता?

अलिबागचा पांढरा कांदा सगळ्यांना माहीत आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाघोडे या पट्ट्यात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर होतो, गोडसर, कमी तिखट, आणि पातीची वेणी घालून माळेनेच विकतात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. २०१९ साली कृषी खातं आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी मिळून भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला आणि ते मिळालंही. हा कांदा बियाचा, शेतकरी बी घरचं धरतात. किनाऱ्यावरच्या कमी थंडीतही जी झाडं डेंगळा देतात त्यांचंच बी पुढे जातं, म्हणजे दरवर्षी आपोआप निवड होत आली. अशाने तो वाण त्या मातीचाच झाला, असं मला वाटतं.

खाली दक्षिणेला गोवा. म्हापशाच्या आसपास बार्देशात गिरी, साळगाव, पर्रा भागात गावठी लाल कांदा होतो. तो बारका, तिखट, घट्ट मानेचा. त्याचीही माळ. एप्रिल-मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तात गोयंकार त्या माळा घेऊन जातात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, पोर्तुगीज प्रोव्हिमेंतो शब्दावरून आलेला. आपल्याकडे त्यालाच आगोट म्हणतात. सुकी मासळी, कोकमं, मिरची, मीठ आणि कांद्याची माळ, एवढं घरात आलं की पाऊस कितीही कोसळू दे. हा कांदाही रोप करून लावतात. म्हणजे लहान आहे, तिखट आहे, माळेत आहे, तरी शॅलट नाही. अलिबाग आणि बार्देस यांच्या मधला आपला सिंधुदुर्ग. सह्याद्रीच्या पलीकडून घाट उतरून बी सहज येत होतं, म्हणून तमिळनाडूसारखं कंदावर अवलंबून राहायची वेळ आपल्या किनाऱ्यावर आली नसावी, असा माझा आपला अंदाज.

माळेबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण हल्ली क्रेट आणि जाळी आल्यापासून ती विद्या चाललीय. कांदा टिकतो तो मानेवर. मान बारीक आणि नीट सुकलेली असली की आत हवा-पाणी जात नाही. आकाराने लहान, घट्ट, कमी पाण्यावर वाढलेला कांदा जास्त टिकतो, कारण त्यात पाणी कमी आणि कोरडा अंश जास्त. मोठा पाणीदार कांदा जुलैतच पाझरतो. आमच्याकडे माळ चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगायचे. धुराने हवा कोरडी राहायची, बुरशी बसत नव्हती. गॅस आला आणि माळेची खुंटी ओस पडली. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासात कांदा सोडायचा जो रिवाज आहे, त्याला धर्माचं कारण असेल ते असो, पण दमट हवेत कांदा सडायला आणि कोंबायला लागतो तोही नेमका तेव्हाच.

आता औषधाकडे येऊ, कारण पिशवी विकली जाते ती त्याच नावावर.

आपल्या जुन्या ग्रंथांत कांदा म्हणजे पलांडु. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा द्विजांना वर्ज्य सांगितलाय. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी प्रवाशानेही लिहून ठेवलंय की इथे कांदा-लसूण फारसे खात नाहीत आणि खाणाऱ्याला गावाबाहेर घालवतात. धर्माने दार बंद केलं, पण वैद्याने खिडकी उघडी ठेवली. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला भूर्जपत्रावरची जुनी संस्कृत पोथी मिळाली. तिचा पहिलाच भाग लसणाच्या गुणांवर आहे. त्यात ब्राह्मणासाठी पळवाटसुद्धा दिलीय. गाईला तीन रात्री गवत न घालता नंतर लसणाची पात मिसळलेला चारा घालायचा आणि तिचं दूध प्यायचं! वाचून हसू येतं. पण शेतकरी म्हणून लगेच सांगतो, हे करायला जाऊ नका. कांदा-लसणातल्या गंधकाच्या द्रव्यांनी गाईच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सडका कांदा टोपलीभर गोठ्यात ओतायची आपल्याकडे सवय आहे. गाय-म्हैस लाल लघवी करू लागली, मलूल झाली, तर आधी कांदा बंद आणि डॉक्टरला फोन. शेळी-मेंढी जरा जास्त सोसते. कुत्र्याला तर अजिबात घालू नये.

चरकाने सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात पलांडु वात कमी करणारा, बळ देणारा, तोंडाला चव आणणारा, पण कफ वाढवणारा आणि पचायला जड असा सांगितलाय. पित्त तो कमी करत नाही, हेही लिहिलंय. चिकित्सास्थानात अर्शाच्या म्हणजे मूळव्याधीच्या अध्यायात रक्त फार जात असेल तर कांदा नुसता, किंवा कढणात, यवागूत घालून द्यावा असं आहे. सुश्रुताने दोन प्रकार केले, एक साधा पलांडु आणि दुसरा क्षीरपलांडु. पहिला तिखट, तीक्ष्ण, भूक वाढवणारा, थोडं पित्त करणारा. दुसरा स्निग्ध, गोड, चिकट, जड, आणि रक्तपित्तात म्हणजे अंगातून रक्त जाण्याच्या विकारात चांगला. क्षीरपलांडु म्हणजे पांढरा कांदा असं वैद्य मानतात.

हे दोन-तीनदा वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सुश्रुताचा भेद लहान-मोठा असा नाही. भेद आहे तिखट आणि गोड असा. आणि आपल्या घरांतही तोच चालत आला. घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं, की म्हातारी माणसं पांढराच कांदा मागायची, लाल नाही. फोडून हुंगवायची. ग्रंथ न वाचलेल्या बायांच्या तोंडी ग्रंथातला भेद कसा आला, की ग्रंथकारांनीच तो असल्या बायांकडून घेतला, देव जाणे.

कांद्याचं औषध आहे कशात? कांदा अखंड असताना त्याला वास नसतो. पेशींच्या आत गंधकाचं एक द्रव्य एका कप्प्यात आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. विळीने पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि वाफ सुटते, तीच डोळ्यांत झोंबते. ही वाफ बनवणारं खास विकर जपानच्या संशोधकांनी २००२ साली शोधून काढलं. ही सगळी तयारी झाडाने किड्यांना पळवायला केलेली आहे, आपल्या दम्यासाठी नव्हे. कच्चा ठेचलेला कांदा आणि भाजलेला कांदा ही दोन वेगळी द्रव्यं मानावीत, कारण उष्णतेने ते विकर मरतं. गोडी वर येते, झोंबणं जातं. आणि जमिनीत गंधक जास्त तर कांदा तिखट, कमी तर सौम्य. आमच्या देवबागच्या वाळूत गंधक धरून ठेवायला ना चिकणमाती ना सेंद्रिय अंश. इथला कांदा म्हणूनच गुळमट होतो. लाल सालीत क्वेर्सेटिन आणि रंगद्रव्यं भरपूर, ती बाहेरच्या पाकळ्यांत जास्त. पांढऱ्यात ती फार थोडी. लहान कांद्यात सालीचं प्रमाण जास्त म्हणून ती थोडी जास्त मिळतात, एवढंच काय ते "औषधी" म्हणण्यामागचं खरं.

आता घरगुती उपाय. भाजलेला कांदा हळद लावून करटावर बांधणं, यात शेक मिळतो, करट लवकर पिकतं, नुकसान नाही. मात्र तोंडावरच्या करटाला हात लावू नये, आणि साखरेच्या पेशंटने तर डॉक्टरलाच दाखवावं. कांद्याचा रस आणि मध खोकल्याला, मोठ्यांना चालेल, घशाला बरं वाटतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका. चक्कर आली, फेफरं आलं की कांदा हुंगवतात. उग्र वासाने चक्कर आलेला माणूस जागा होईल, फेफऱ्याला काही होत नाही, तिथे माणसाला कुशीवर वळवणं महत्त्वाचं. कानात कोमट रस पिळणं बंद करा, पडदा फाटलेला असेल तर कान जातो.

आणि ते खिशातलं. "उन्हात जातंस? खिशात कांदो घाल." मीही घालून गेलोय, आजी सोडायचीच नाही. पण खिशातला कांदा उन्हाचं काही करत नाही. आंबे काढणीत, होडी ओढण्यात मे महिन्यात माणसं पडतात, आणि आजूबाजूचे कांदा ठेचून तळपायाला चोळत बसतात. ती पंधरा मिनिटं त्याच्या जिवाची असतात. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी काढा. कांदा त्याच्या जेवणात द्या, ताकाबरोबर, तो बरा होऊन घरी आल्यावर.

मूळव्याधीत रक्त जातंय तर चरकाचा कांदा खा, पण एकदा तपासून घ्या, कारण रक्त दुसऱ्याही वाईट कारणाने जातं. आणि साखरेची गोळी बंद करून गोल्टी खाणाऱ्याला मी काय सांगणार!

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय. "लहान औषधी कांदा" ही हवा पसरली की लोक रानातही शोधतात. आणि आपल्या किनाऱ्याच्या वाळूत, सड्यावर, कातळाच्या फटीत एक कांदा उगवतो, कोळकांदा. रानकांदाही म्हणतात. ग्रंथात त्याला वनपलांडु असं नाव, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. पलांडुचा तो कोणी लागत नाही. त्यात हृदयावर काम करणारी जहाल द्रव्यं आहेत. इंग्रजांच्या काळात युरोपातल्या स्क्विल या औषधाच्या ऐवजी खोकल्यासाठी आणि हृदयासाठी हाच वापरत, मोजून मापून. मात्रा आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. जास्त गेला तर उलट्या, जुलाब, नाडी मंद आणि मग अनियमित. पायाच्या कुरपाला त्याची भाजलेली चकती बांधायचे जुने लोक, ते बाहेरून. तरीही त्याच्या रसाने कातडी खाजते, हात धुवावेच.

ओळख सोपी आहे, घरात पोरांनाही दाखवून ठेवा. कांद्याची पात गोल आणि आतून पोकळ, फुंकर मारली तर पिपाणीसारखी. कोळकांद्याची पानं चपटी, लांब, भरीव. कोळकांदा पावसाआधी उन्हाळ्यात पानांशिवाय नुसता फुलांचा दांडा काढतो, त्यावर मळकट तपकिरी-हिरवी घंटेसारखी लोंबती फुलं. पानं नंतर, पावसात. आणि मुख्य म्हणजे चुरगाळला तरी त्याला कांद्याचा वास नाही. ज्या कांद्याला कांद्याचा वास नाही तो तोंडात घालायचा नाही, इतकंच. लिली, नागदवणा यांनाही हेच लागू. गंमत म्हणजे कुळाने कांदा आता याच नागदवण्याच्या घरात धरतात, पूर्वी लिलीच्या घरात धरत.

आता ज्यांना खरा शॅलट लावून पाहायचाय त्यांच्यासाठी थोडं. आपल्या वाळूत निचरा उत्तम, कांद्याची मुळं वरच्या वीतभरातच, त्यामुळे पाणी थोडं आणि वरचेवर द्यावं लागतं. अडचण खाऱ्या पाण्याची. कांदा हे मीठ न सोसणाऱ्या पिकांतलं. एकीकडे कर्ली, एकीकडे समुद्र, मार्चनंतर आमच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. म्हणून लावणी नोव्हेंबरात उरकून जानेवारीअखेर पीक घरात आलं पाहिजे, आणि ७०-९० दिवसांचा हा कांदा त्या खिडकीत नेमका बसतो. चार महिन्यांचा रब्बी कांदा बसत नाही. शेणखत भरपूर, तारल्यांचं खत असेल तर लावणीआधी दोन महिने कुजवून. गंधकासाठी जिप्सम किंवा सिंगल सुपर फॉस्फेट. सऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर एक कंद, टोक वर, अर्धा मातीत. कंद खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, पिवळी-वाकडी पात दिसली की ते रोप उपटून जाळा, आणि पुढच्या वर्षाचे कंद सगळ्यात निरोगी झुबक्यांतूनच निवडा.

मालवण, वेंगुर्ला, देवगड पट्ट्यात कोणाच्या घरी जुना गावठी माळेचा कांदा अजून बियासकट टिकून असेल, तर एक कांदा आडवा कापून त्याचा आणि बुडाच्या चकतीचा फोटो इथे टाका. बी असेल तर नोव्हेंबरच्या आत कळवा, रोप मी टाकतो.